झोप, नाहीतर सिस्टर येईल

तिसगावात आम्ही ज्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो, त्याच्या खालच्या दाराला संध्याकाळी साडेआठ वाजता एक पाटी लागायची. शाळेतली, लाकडी चौकटीची पाटी. तिच्यावर खडूनं लिहिलेलं असायचं : "झोपले आहे. बाळंतपण असेल तर दवाखान्यात जा. साप चावला असेल तर दवाखान्यात जा. मी मेले असेन तर सकाळी या."

ही आमची घरमालकीण. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांनी आसपासच्या गावांत उभी हयात काढली होती आणि निवृत्त होऊन वर्ष-दीड वर्षच झालं होतं. पण गावातल्या पोरांना निवृत्ती वगैरे कळत नव्हती. सिस्टर मोपेडवरून बाजारात शिरल्या की कडेवरची, बोटाला धरलेली, हातगाडीखाली लपलेली सगळी लहान पोरं एकाच वेळी भोकाड पसरायची. एवढ्या पोरांच्या मांडीत सुई ह्याच हातानं टोचलेली. आयांना त्यातून एक सोपं हत्यार मिळालं होतं. पोरगं झोपेना, जेवेना, ऐकेना, की त्या म्हणायच्या, "झोप, नाहीतर सिस्टर येईल."

एकदा भर बाजारात मेथीच्या ढिगापाशी एक बाई असंच म्हणाली आणि सिस्टर नेमक्या मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "येईन की. पण सुई तुला टोचीन. पोरानं काय केलंय?"

मोठ्यांचीही त्या गय करत नसत. एक पुढारी निवडणुकीच्या आधी कडक इस्त्रीत पाया पडायला आले. सिस्टरनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि चार कार्यकर्त्यांसमोर सांगितलं, "तुमी डोस घेताना लई लाथा मारायचे. अजून मारताच म्हनं." एकदा मी धीर करून त्यांच्या लग्नाबद्दल विचारलं होतं. "केलं हुतं की," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं केलं. जमंना, सोडून दिलं." शिवणाचा क्लास सोडावा तसं.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आधी माझा हात धरला. मला वाटलं, शहरी पद्धतीनं हात मिळवताहेत. त्या माझी नाडी बघत होत्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, नजर काट्यावर.

"काय करता?"

"झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे. पहिलीचा वर्ग."

"आन बायको?"

"पोलीस भरतीत निवड झालीय. ट्रेनिंगला चाललीय. नऊ महिने."

"आन ही?" ही म्हणजे माझ्या कडेवरची चिमी. सव्वादोन वर्षांची. सिस्टरना बघून तिनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं होतं.

"ही माझ्याजवळ राहील."

सिस्टरनी हात सोडला. "नाडी बरी हाय. किती दिस टिकती बघू."

मला तेव्हा त्याचा राग आला होता. वर्गात चाळीस पोरं माझ्या एका 'हाताची घडी'वर गप्प बसतात, मला एक पोर सांभाळता येणार नाही? बायकोची भरती दोनदा हुकली होती. तिसऱ्या वेळेला चिमी वर्षाची असताना ती पहाटे रस्त्यावर धावायची आणि मी चिमीला कडेवर घेऊन मोबाईलमध्ये वेळ लावून उभा राहायचो. कुत्री मागं लागली की तिची वेळ सुधारायची. एवढ्या धावपळीनं मिळालेली ती नोकरी होती. तिच्या आड मी आणि चिमी यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

दिवसा सगळं ठीक चालायचं. चिमी माझ्याबरोबर शाळेत यायची, शेजारच्या अंगणवाडीत बसायची, खिचडी खायची, मातीत लोळायची. भानगड सुरू व्हायची ती दिवेलागणीनंतर. ट्रेनिंगमध्ये संध्याकाळी अर्धा तास मोबाईल हातात मिळायचा. साडेसात-आठच्या दरम्यान बायकोचा फोन यायचा. चिमी आईचा चेहरा बघायची, हसायची, पापे द्यायची. मग तिकडं शिट्टी वाजायची, बायको घाईघाईनं "ठेवते हं" म्हणायची आणि पडदा काळा व्हायचा. चिमी दोन क्षण त्या काळ्या पडद्याकडं बघायची. मग जे सुरू व्हायचं ते खालच्या गल्लीपर्यंत जायचं.

ती थांबावी म्हणून मी काय नाही केलं! घोडा झालो. बेडूक झालो. चादरीची झोळी करून खोलीभर ओढली. कोल्ह्याची गोष्ट सांगताना कोल्हा, करकोचा आणि सुरई असे तिन्ही आवाज काढले. मोबाईलवर कार्टून लावलं. शेजाऱ्याच्या टेम्पोत बसवून करंजीच्या रस्त्यानं फिरवून आणलं. टेम्पोत ती झोपायची आणि दाराशी टेम्पो थांबला की टक्क जागी व्हायची. मी घामाघूम होऊन भिंतीला टेकायचो आणि ती डोळ्यांतलं पाणी पुसून, ताजीतवानी होऊन म्हणायची, "बाबा, आता हत्ती."

मग कर्जतकडच्या आमच्या गावाहून माझी आई आली. तिनं पहिल्याच संध्याकाळी मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा असा ठसका उठला की चिमी खोकून खोकून लाल झाली आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर उशिरा झोपली. खालून सिस्टर वर आल्या, पदर नाकाला लावून. "दृष्ट पोरीची काढताय का माझ्या घराची?"

आईचा पारा चढला. सिस्टरचं तोंड जिन्याकडं वळल्या वळल्या ती मला म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल अशी, "हिला ना पोर ना बाळ. हिला काय कळतंय लेकरातलं?"

सिस्टर जिन्यातच थांबल्या. मला वाटलं, आता पेटणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं हाय तुमचं, बाई. पर कागद नाकाला लावला की अक्षर दिसत न्हाई. थोडा लांब धरावा लागतो." आणि खाली गेल्या.

आईनं जाताना मला बजावलं, "दिवाळीपर्यंत बघते. न्हाई जमलं तर पोरीला गावाकडं नेते. आन तिला पन सांग, नोकरी कराया लई जनी हायत्या, आई एकच असती." हे मी बायकोला सांगितलं नाही. पण फोन ठेवल्यावर उठणारा हंबरडा तिला सुरू होण्याआधीच ऐकू यायला लागला होता. एके दिवशी ती फोनवर दबक्या आवाजात म्हणाली, "मी राजीनामा देते. इथं परेडला उभी असले तरी कानात हीच रडते."

"वेडी का काय," मी म्हटलं. "आता ती लवकर झोपायला लागलीय. उद्या बघच तू."

मी असं का म्हणालो? तोंडातून गेलं. पण गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी कपाटातून सर्दीच्या औषधाची बाटली काढली. मागच्या हिवाळ्यात चिमीला सर्दी झाली होती तेव्हाची. त्या औषधानं ती तेव्हा खूप झोपायची, ते माझ्या लक्षात होतं. तेव्हा डॉक्टरांनी अर्धा चमचा सांगितला होता. मी एक पूर्ण दिला, आणि थोडं तिनं ओठाबाहेर काढलं म्हणून आणखी थोडं. तिला चव आवडली. "अजून," म्हणाली.

पावणेआठला बायकोचा फोन आला तेव्हा चिमी गाढ झोपली होती. मी मोबाईल तिच्या चेहऱ्यावर धरला. बायकोला विश्वास बसेना. "खरंच की! एवढ्या लवकर?" कित्येक दिवसांनी ती हसली. मैत्रिणींना बोलावून दाखवलं. "बघा, बघा, माझं पिल्लू कसं झोपलंय." मी पण हसलो.

पाच मिनिटांनी सिस्टर वर आल्या. रोजचा आरडाओरडा ऐकू आला नाही म्हणून. म्हणजे पोरगी रडली तर यायचं नाही आणि रडली नाही तर यायचं, असा त्यांचा हिशेब. दारातून त्यांनी चिमीकडं पाहिलं. तोंड उघडं, एक हात गादीबाहेर लोंबता. त्यांनी जवळ येऊन तो हात उचलला आणि सोडला. तो भद्दकन पडला. मग ताटलीतला चमचा उचलून नाकाशी धरला.

"सर्दी झाली हुती का हिला?"

"नाही."

"मंग कुनाला? तुमाला?"

मी बाटली त्यांच्या हातात दिली. मला वाटलं, ह्या आता ओरडतील, गल्ली गोळा करतील, आईला फोन करतील. यातलं काहीच झालं नाही. त्यांनी बाटली उलटसुलट करून वाचली, किती दिलं ते विचारलं, ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून दोनच वाक्यांत सगळं सांगितलं आणि ऐकून घेतलं. मग चिमीला कुशीवर वळवलं, तिच्याजवळ मांडी घातली आणि घड्याळाकडं डोळे लावले.

"वही घ्या, गुरुजी. मी आकडा सांगीन, तो लिवा. श्वास कमी झाला तर शेजारच्याचा टेम्पो काढायचा. किल्ली मागून ठिवा."

मी किल्ली आणली. मग दर पाच मिनिटांनी त्या चिमीचे श्वास मोजायच्या, आकडा सांगायच्या, मी लिहायचो. मध्ये मध्ये तिच्या तळपायाला नखानं ओरखडायच्या, ती पाय ओढून घ्यायची, मग पुढचा आकडा. साडेआठ वाजले, पाटी लागली नाही. साडेनऊ वाजले. माझ्या पहिलीतल्या पोरांना मी शुद्धलेखन घालतो तसा मी ओळीखाली ओळ लिहीत होतो. दहाच्या सुमाराला चिमी कूस बदलत "पाणी" म्हणाली. सिस्टरनी चमच्यानं पाणी पाजलं. ती डोळे उघडून, त्यांच्याकडं बघून, रीतसर भोकाड पसरून रडली.

"आता बरी हाय," सिस्टर म्हणाल्या. "मला वळखलं."

उठताना त्यांचा गुडघा कट्‌कन वाजला. दारात थांबून त्या म्हणाल्या, "बायकोला सांगायचं का न्हाई, तुमचं तुमी बघा. मी आपनहून सांगनार न्हाई. कुनी इचारलं तर खोटं पन बोलनार न्हाई." मग चपलेत पाय सरकवत, "अशी बाटली पाजनारे लई बघितलेत मी. वाईट मानसं नसत्यात. थकलेली असत्यात. पर पोराला त्यातला फरक कळत न्हाई."

सकाळी त्यांनी उरलेलं औषध माझ्यादेखत मोरीत ओतलं. "आजपास्नं रोज रात्री आठला मी येनार. तुमी तोंड उघडायचं न्हाई."

त्या आठ वाजता आल्या त्या सुपात बाजरी घेऊन. खोलीतला दिवा घालवला, बाहेरच्या वऱ्हांड्यातला ठेवला आणि उंबऱ्यावर चिमीकडं पाठ करून बसल्या. चिमी किंचाळली. सिस्टरनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाजरी निवडत बसल्या.

मी उठणार तेवढ्यात त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बसा. तुमी लई गमतीचे हाय, गुरुजी, हीच तर भानगड हाय. एवढी जत्रा चालू असल्यावर कोन झोपंल? मी पन नसते झोपले. पोराला झोप आनायची नसती. आपून जरा कंटाळवानं व्हायचं असतं."

आणि त्या खरोखर अतिशय कंटाळवाण्या झाल्या. एकसुरी आवाजात, बाजरीशी बोलल्यासारखं त्या लसीकरणाचं वेळापत्रक म्हणायला लागल्या. "जल्मल्यावर बीसीजी, डाव्या दंडात. दीड महिना, अडीच महिना, साडेतीन महिना. नऊ महिन्याला गोवर, उजव्या दंडात. ताप आला तर घाबरायचं न्हाई. गाठ आली तर श्येकायचं न्हाई. दीड वर्साला बूस्टर." संपलं की पुन्हा पहिल्यापासून. अधूनमधून "ह्यो खडा" म्हणून एक खडा बाजूला. मला स्वतःला तिसऱ्या फेरीला डुलकी लागली.

पहिले तीन दिवस चिमी रडली. पण रडण्याला बघायला कुणी नाही म्हटल्यावर त्यातली जान गेली. चौथ्या संध्याकाळी ती गादीवरून उतरून हळूच सिस्टरच्या मागं जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावरून सुपात डोकावली.

"खडं बघायचं तर गप बसून," सिस्टर म्हणाल्या.

चिमी बसली. थोड्या वेळानं त्यांच्या पाठीला टेकली. साडेतीन महिन्यांच्या डोसाला तिचे डोळे मिटले. मी तिला उचलायला गेलो तर सिस्टर कुजबुजल्या, "हात लावू नका. आत्ता उचलली तर उठंल." आणि तशाच बसून राहिल्या. पायाला मुंग्या आलेल्या दिसत होत्या, तोंड वाकडं होत होतं, पण पाठ हलवली नाही. अर्ध्या तासानं मी चिमीला उचललं तेव्हा त्यांना उठून उभं राहायला माझा हात धरावा लागला. "कुनाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "उद्या सगळं गाव पोरं टेकवाया आनंल."

फोनचं प्रकरण राहिलं होतं. ते त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं. "फोन जेवनाआधी लावायचा. आन तो ठेवायचा पोरीनं. आईनं ठिवला की आई गेली. पोरीनं ठिवला की पोरगी गेली जेवायला." मी चिमीला लाल बटण दाखवलं. पहिल्या दिवशी तिनं आईला "मी खडे निवडते" एवढं सांगितलं आणि आईचं वाक्य अर्ध्यात असताना टप्पकन बटण दाबलं. तिला सत्ता मिळाली होती. ती रडली नाही. त्या दिवशी पलीकडं बायको रडली, हे मला फार नंतर कळलं.

दिवाळीला आई पुन्हा आली, पोरीची पिशवी भरायच्या तयारीनं. साडेआठला चिमी झोपलेली बघून तिनं आधी तिच्या कपाळाला हात लावला. "ताप न्हाई ना हिला?" नाही म्हटल्यावर ती बराच वेळ वऱ्हांड्यात बसली. मग खाली जाऊन सिस्टरना फराळाचा डबा देऊन आली. दोघींचं काय बोलणं झालं माहीत नाही. वर येऊन एवढंच म्हणाली, "चकली कडक झाली म्हने. तोंड लई वाईट हाय बाईचं." आणि पिशवी रिकामीच घेऊन गावाकडं गेली.

ट्रेनिंग संपवून बायको आली ती एका संध्याकाळी नऊच्या सुमाराला, पत्र्याची पेटी घेऊन. एसटी उशिरा पोचली. चिमी केव्हाच झोपली होती. बायको तिच्या उशाशी बसली, केसांवरून हात फिरवला आणि हमसून हमसून रडायला लागली. आपल्यावाचून पोर इतकी शांत झोपू शकते, हे बघून. बाजरीचं सूप घेऊन निघालेल्या सिस्टर दारात थांबल्या.

"रडू नका, मॅडम. सकाळी उठल्यावर शी तुमालाच धुवायची हाय."

बायको रडता रडता हसली. डोळे पुसत तिनं विचारलं, "लई त्रास दिला का हो हिनं, सिस्टर?"

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"हिनं न्हाई," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

बायकोनं माझ्याकडं वळून बघितलं. नऊ महिने शिकून आलेली ती नजर होती. मी सगळं सांगितलं. बाटली, चमचा, मोबाईलवर दाखवलेला चेहरा, वहीतले आकडे. तिनं वही मागितली. पान वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि वही मिटून मांडीवर ठेवली. मी वाट बघत होतो, कोणत्याही गोष्टीची.

"मधे दोन-तीन दिवस नेटवर्क नव्हतं म्हणाले होते ना मी," ती अखेर म्हणाली. "होतं. मोबाईल हातात घेऊन बसले होते. लावला नाही. हिचं रडणं ऐकायचं नव्हतं मला. आणि त्या दोन-तीन दिवसांत मला इतकी छान झोप लागली. त्याचंच जास्त वाईट वाटलं."

सकाळी मी सिस्टरना जाऊन सांगितलं, की मी बायकोला सगळं सांगितलंय. त्या मोपेड पुसत होत्या. "मंग मला कशाला सांगता? मी काय कोर्ट हाय?"

त्या संध्याकाळपासून त्या वर आल्या नाहीत. आठ वाजता चिमी उशी घेऊन जिन्यात जाऊन बसली. मी तिला घेऊन खाली गेलो. पाटी त्या दिवशी आठ वाजताच अडकवलेली होती. पण आत दिवा चालू होता आणि सूप पाखडल्याचा आवाज येत होता. मी दार वाजवायला हात उचलला तर बायकोनं मागून माझं मनगट धरलं आणि मान हलवली. तिला माझ्याआधी कळलं होतं. आम्ही वर आलो. ती चिमीला घेऊन आडवी झाली आणि चिमीनं आईला झोपायच्या आधी डाव्या दंडापासून सगळं शिकवलं.

पुढच्या वर्षी माझी बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, राजूरला झाली. निघताना सिस्टरनी चिमीला जवळ घेतलं नाही की डोळ्याला पदर लावला नाही. "पाच वर्साचा डोस चुकवू नका," एवढंच म्हणाल्या.

सणासुदीला मीच फोन करायचो. त्या "हं, बरं हाय, ठिवते" म्हणून ठेवायच्या. त्यांनी आपणहून फोन कधीच केला नाही. मागच्या महिन्यात मात्र भर दुपारी, मी वर्गावर असताना त्यांचं नाव पडद्यावर दिसलं. पोरांना गप्प करून मी बाहेर आलो.

"सिस्टर? तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? तुमच्या खोलीत नवे भाडेकरू आलेत, ते सांगाया केला. जुळी हायत. आईबाप तुमच्यापरीस बावळट." पलीकडं मागं दोन पोरं एका सुरात किंचाळत होती.

"लई बरं वाटतंय, गुरुजी," त्या म्हणाल्या.